एका पातेल्यातली न्याहारी

भाऊबीज उरकली की आमच्या धारूर-वडवणीकडची गावं आठ दिवसांत म्हातारी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे चढतात, ताडपत्री चढते, पिठाचा डबा, सरपण, पायाला दोरी बांधलेली कोंबडी, आणि या सगळ्यावर माणसं बसतात. कुणाचा मुकादम ऊसतोडीला सांगलीकडं नेतो, कुणाचा कोल्हापूरकडं, कुणाचा थेट बेळगावला. ट्रॉली वळणाआड गेली की दारात उरते एक आजी, असले तर आजोबा, आणि हजेरीपटावर नाव असलेलं एखाद-दुसरं लेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवताना तीसेक वर्षं मी हे उरलेलं गाव पाहिलं. आता निवृत्त आहे, तरी कुणाच्या ओट्यावर बसले की आज्या अजून ‘बाई’ म्हणूनच बोलतात आणि त्यांच्या चुलीवरचं पातेलं मला दिसतंच.

हे हितगुज तुमच्याशी आहे. जे आज उसाच्या फडात आहात त्यांच्याशी, आणि जे बीड-अंबाजोगाईत नोकरी करून लेकरू म्हाताऱ्या आईच्या भरवशावर ठेवता त्यांच्याशीही. विषय साधा आहे. तुमच्या मागं सकाळी घरात काय शिजतं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की मी पहिल्या तासाला गणित घेत नसे. न्याहारी काय केली ते एकेकाला विचारत असे. उत्तरं ठरलेली. “च्या-बटर.” “च्या-खारी.” “पुडा.” पुडा म्हणजे पाच रुपयांचा बिस्किटांचा. एखादी पोरगी खाली मान घालून सांगायची, रात्रीची भाकर दुधात कुस्करून खाल्ली. तिला त्याची लाज वाटायची, आणि खरं तर त्या दिवशी वर्गात सगळ्यात चांगली न्याहारी तिचीच असायची. बाकीची पोरं सकाळी सहापासून दुपारी शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी मिळेपर्यंत साखर आणि मैद्यावर. अकरा वाजता त्यांचे डोळे फळ्यावर असायचे, पण लक्ष कुठं असायचं ते देव जाणे.

आणि आजी? “बाई, मला शुगर हाय. डागदरनं समदं बंद केलंय.” समदं बंद म्हणजे आजी बिनसाखरेचा चहा पिते, गोळी घेते आणि नुसती बसते. मग भूक सहन होईना की बाराच्या सुमाराला दोन भाकरी आणि वाटीभर भात एकदम. एका घरात दोन न्याहाऱ्या, आणि दोन्ही नसल्यासारख्या.

शुगर हा शहरातल्या बैठ्या माणसांचा आजार, हे आता विसरा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभर केलेल्या पाहणीचे आकडे 2023 साली आले. 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह, आणि आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर. त्याच पाहणीतून 2025 साली असंही पुढं आलं की आपल्या रोजच्या खाण्यातली 62 टक्के ऊर्जा नुसत्या पिष्ट पदार्थांतून आणि साखरेतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत धान्याचा वाटा 45 टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. आपलं ताट आठवा. मध्ये भाकरीची चळत, नाहीतर भाताचा ढीग, आणि कडेला बोट बुडेल एवढं कोरड्यास. सकाळी तर तेवढंही नाही. पोहे म्हणा, उपमा म्हणा, आपल्या मराठवाड्याची लाडकी चुरमुऱ्यांची सुशीला म्हणा, सगळी पिष्टाचीच भावंडं. पोह्यांच्या एका भरल्या बशीत, म्हणजे साठेक ग्रॅम कोरड्या पोह्यांत, 45 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. वर बटाटा घातला तर ते वेगळं.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकले नाही. निवृत्तीच्या वर्षी माझी तीन महिन्यांची साखर तपासली, ती 7.4 निघाली. साडेसहाच्या पुढं गेली की मधुमेह धरतात. मी जन्माची मास्तरीण, शिक्षा करायची तर पुरती करणार. भाकरी बंद, भात बंद, फळ बंद. सकाळी गोळी आणि वर काकडी-ताक. तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर उभी असताना घाम फुटला, हात थरथरायला लागले, पाटीवरची अक्षरं नाचायला लागली. शेजारच्या रसवंतीवाल्यानं ओळखलं, त्याची आईही शुगरचीच. त्यानं ग्लासभर रस पाजला तेव्हा पाच-दहा मिनिटांत माणसात आले. ज्या उसापायी माझा वर्ग दरवर्षी अर्धा व्हायचा, त्या उसानंच मला उठवून बसवलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. शुगरच्या काही गोळ्या पोटात काही असो-नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. इन्सुलिनचं इंजेक्शन तर थेटच काम करतं. खाण्यातलं पिष्ट एकदम कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर धाडकन खाली येते. तेव्हा तुमची आई गोळ्यांवर असेल तर न्याहारी बदलण्याआधी औषध देणाऱ्याला विचारा. किडनीचा त्रास असेल तर नक्कीच विचारा, भोपळ्यात पोटॅशियम बरंच असतं. हे मी वर सांगतेय, खाली चिटोऱ्यावर नाही, कारण कृती वाचून झाली की लोक उठून चुलीकडं जातात.

भोपळा कुठून आला म्हणाल, तर माझ्या भाचीच्या फोनवरून आला. ती अमेरिकेत असते. तिकडं ऑक्टोबरात दारोदारी भोपळे मांडतात, कोरून आत दिवे लावतात, कॉफीपासून केकपर्यंत सगळ्यात त्याची चव घालतात. तिनं एक व्हिडिओ पाठवला: काचेच्या वाडग्यात घट्ट दही, त्यावर शिजवलेला भोपळा, वर बिया आणि दालचिनी. खाली लिहिलेलं, ‘लो-कार्ब ब्रेकफास्ट’. “मावशी, तुझ्या शुगरला बेस्ट.” मी तिला लिहिलं, अगं, हे भरीत आहे. तुझी आजी एकादशीला करायची. तुपाची फोडणी, जिरं, मिरची, दाण्याचं कूट, दही. तू नाक मुरडायचीस.

नवल एवढंच की भाचीच्या वाडग्याचं आणि आजीच्या भरिताचं गोत्र तसं एकच. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मिरची तिकडचीच, शेंगदाणाही तिकडचाच. समुद्रावरून आपल्याकडं ही तिन्ही आली त्याला चार-पाचशे वर्षं झाली असतील. आपण त्यांना दही आणि कढीपत्ता दिला, एकादशीला बसवलं आणि पितरांच्या पानात वाढलं. त्याआधी आपल्या भाषेत भोपळा म्हणजे दुध्या, नाहीतर तंबोऱ्याचा कडू भोपळा. आमच्याकडं लाल भोपळ्याला काशीफळ म्हणतात, काही घरांत गंगाफळ. मृगाच्या पावसात उकिरड्याच्या कडेला, बांधावर, नाहीतर पत्र्याच्या छपरावर वेल सोडून दिला की त्याच्याकडं कुणी बघत नाही. दसरा-दिवाळीला वेल वाळतो आणि पानांआडून चार-पाच पोटुशी फळं दिसायला लागतात. म्हणजे नेमकं गाव रिकामं होतं तेव्हा काशीफळ तयार असतं. पैसा नको, पाणी नको, फ्रीज नको. अख्खं फळ खाटेखाली कोरड्या जागी ठेवलं तर चार महिने हलत नाही.

पिकलंय की नाही हे बघायचं तर नख लावा. साल नखाला दाद देत नसेल, देठ वाळून लाकडासारखा झाला असेल आणि टिचकी मारल्यावर आतून पोकळ आवाज आला, तर उचला. तोडताना बोटभर देठ ठेवा. देठ मोडलेलं फळ आधी नासतं.

आमच्याकडं अख्खं काशीफळ बाईनं पहिल्यांदा कापायचं नाही, अशी रीत. घरात पुरुष नसला तर आज्या सात वर्षांच्या नातवाच्या हाती विळी-सुरी देतात, त्याचा हात वर ठेवून खाली आपणच दाब देतात. पुरुष झाला, रीत झाली. मी मात्र गेली कित्येक वर्षं माझं मीच कापते. आजवर सुरी अडकण्यापलीकडं काही झालेलं नाही. रीतीतला एक भाग मला पटतो, तो वाटपाचा. एक काशीफळ कापलं की सहा घरी फोडी जातात. कापलेली फोड चार दिवसांपलीकडं राहत नाही, आतल्या बियांच्या गराला बुरशी येते, तेव्हा वाटलेलं बरं. आठवड्यानं शेजारीण तिचं कापते आणि फोड परत येते.

आता पातेल्याकडं वळू. दोन मोठ्या माणसांना पाव किलो सोललेल्या फोडी पुरे. त्या पाण्यात उकडू नका. भोपळा मुळातच नव्वद टक्के पाणी, वरून आणखी पाणी घातलं तर भरिताचं कालवण होतं. कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवा, दोन शिट्ट्या बस. चूल असेल तर यापेक्षा चांगलं: सालीसकट मोठी फोड निखाऱ्याच्या कडेला ठेवा, रात्रीच्या स्वयंपाकाची धग उतरेपर्यंत ती मऊ होते, थोडी करपते, आणि चव अशी येते की कुकरवाल्यांनी हेवा करावा. सकाळी साल काढून गर हातानं कुस्करायचा. मिक्सरमध्ये फिरवू नका, लेकराला दाताखाली काही लागलं पाहिजे.

गर पूर्ण गार होऊ द्या, मगच दही. गरम गरात दही पडलं की फुटतं, पाणी सुटतं, आणि मग आजी म्हणते बाईचं ऐकून नासाडी झाली. दही दीड वाटी, दोनशे ग्रॅमच्या आसपास, घरचं, साय न काढलेलं. थंडीत दही लागत नाही ही सगळ्यांची तक्रार. इरजण जरा जास्त घाला, दूध बोटाला सोसेल एवढं कोमट ठेवा आणि भांडं गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवा. घट्ट हवं असेल तर रात्री पंच्यात बांधून टांगा. खाली निथळलेलं पाणी फेकू नका, भाकरीचं पीठ त्यात मळा नाहीतर कढीत जाऊ द्या. दही विकतचं घेणार असाल तर साधं घ्या. रंगीत, फळांच्या वासाचं डबीतलं दही आणि आइस्क्रीम यांत साखरेच्या बाबतीत फार अंतर नसतं.

मग दाण्याचं कूट, तीन चमचे भरून, जाडसर. कोथिंबीर. मीठ अगदी वाढताना, कारण मिठानंही पाणी सुटतं. फोडणीला दोन चहाचे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, एक हिरवी मिरची उभी चिरून, म्हणजे लेकराच्या वाटीतून काढता येते. उपवास असेल तर तूप-जिरं. पुण्याकडं यात चमचाभर साखर घालतात. घालोत बापडे. काशीफळ आधीच गोड आहे आणि आमच्या जिभेला तेवढं पुरतं.

फोडणीच्या तेलाकडं शत्रूसारखं बघू नका. भोपळ्याला जो केशरी रंग देतो तो घटक शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व होतो, आणि तो स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. अंगणवाडीत लेकराला नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस देतात ना, तेही तेलातलंच औषध असतं. तिकडं डोस चुकवू नका, इकडं फोडणी चुकवू नका.

“पण भोपळा गोड लागतो, मग साखर वाढणार नाही का?” हा प्रश्न मला प्रत्येक ओट्यावर येतो, आणि प्रश्न बरोबर आहे. भोपळ्यातलं पिष्ट रक्तात लवकर उतरतं. पण मुळात असतं किती? शंभर ग्रॅम भोपळ्यात पाच-सहा ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या उकडलेल्या बटाट्यात वीस, शिजलेल्या भातात पंचवीसच्या वर. आमच्या बालाघाटाच्या सीताफळात, ज्याला 2016 साली बीडचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गरातही विसाच्या वर, आणि सीताफळ कुणी शंभर ग्रॅमवर थांबतं का? मी तरी नाही थांबले कधी. आपल्या पातेल्याचा हिशेब लावा. भोपळ्याचं पंधरा, दह्याचं आठ, कुटाचं पाच. दोघांत वाटलं तर एका माणसाच्या वाट्याला चौदा ग्रॅम. दूध आंबताना त्यातली थोडी साखर जिवाणूच खातात, तो फायदा आपलाच. दह्यातली आणि कुटातली प्रथिनं-स्निग्ध यांमुळं पोट दुपारपर्यंत धरून राहतं. एका माणसाला आठेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. वर एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मोडाची मटकी घेतली तर उत्तम. सवय लागल्यावर मी न्याहारीनंतर दोन तासांनी बोट टोचून साखर बघायला लागले. पोह्यांच्या दिवशीचा आणि भरिताच्या दिवशीचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहिला. ते दोन रकाने बघून माझं मलाच पटलं. तुमच्या आईचे रकाने वेगळे असतील, तेव्हा तिच्याच बोटाला विचारा.

इथवर आजीचं झालं. आता नीट ऐका, कारण इथं माणसं घसरतात. हे कमी पिष्टाचं खाणं तुमच्या लेकरासाठी नाही. वाढत्या अंगाला, दिवसभर उंडारणाऱ्या पोराला धान्य लागतंच. डॉक्टरांनी खास कारणानं सांगितल्याशिवाय लेकराची भाकरी तोडू नका. त्याच पातेल्यातलं तेच भरीत, पण त्याच्या ताटात सोबत अर्धी-पाऊण ज्वारीची भाकरी, नाहीतर धपाटं. आजीच्या ताटात भाकरी नाही किंवा चतकोर. पातेलं एकच, फोडणी एकच, बसायची जागा एकच. आजीनं वेगळं काही करायचं नाही, आणि पोरालाही आपण दुकानातल्या पुड्यावर वाढतोय असं वाटायचं नाही.

आणि हो, जे फडात आहात त्यांनी हे स्वतःसाठी मुळीच करू नका. पहाटे चारला उठून दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या, त्या अंगाला भाकरीच लागते, भरपूर लागते. ‘लो-कार्ब’ हा बसून खाणाऱ्यांचा आणि शुगरवाल्यांचा हिशेब आहे.

आणखी एक, शिक्षिका म्हणून. ‘ही शुगरवाल्यांची न्याहारी’ असं लेकरासमोर म्हणू नका. त्यांना ते औषध वाटतं, मग तोंड वाकडं होतं. सहावी-सातवीतल्या मुलींसमोर तर ‘खा कमी, जाड व्हायलीस’ हे वाक्य गिळून टाका. माझ्या वर्गातली एक चांगली धावणारी पोरगी मामीच्या अशा एका वाक्यानंतर डबा न खाता परत न्यायला लागली होती. मला ते कळायला दोन महिने लागले, आणि कळलं तेव्हा ती शर्यतीत मध्येच खाली बसली होती. दोन महिने मी रोज तिची हजेरी घेत होते, याची टोचणी मला अजून आहे.

ज्या पोराला भोपळा आवडत नाही त्याला भोपळ्याच्या कामाला लावा. वेल असेल त्या दिवसांत सकाळी सहाला बांधावर न्या. काशीफळाचं फूल भल्या सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. लांब देठाचं सरळ फूल नर. ज्या फुलाच्या बुडाशी गोटीएवढं इवलं फळ असतं ते मादी. मधमाशी नराच्या फुलातून पिवळी होऊन निघते आणि मादीच्या फुलात शिरते, हे एकदा पाहिलं की विज्ञानाच्या पुस्तकातलं परागीभवन पाठ करावं लागत नाही. नर फुलं भरपूर असतात, थोडी वेलावर मधमाश्यांसाठी ठेवून बाकीची भजी करा. कापल्यावर बिया त्याच्याच हाती द्या: धुवायच्या, पत्र्यावर वाळवायच्या, चिमण्या हाकायच्या, तव्यावर भाजायच्या, सोलून खायच्या. वाळल्या बियांच्या गरात शंभर ग्रॅमला तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण ते त्याला सांगायची गरज नाही. त्याला एवढंच कळतं की तडतड आवाज करत उडतात.

शाळेच्या डब्यात द्यायचं तर दही कमी घाला आणि थोडं सायीचं दूध मिसळा, दुपारपर्यंत आंबट होत नाही. भरीत घट्टच ठेवा, दप्तरात सांडलं तर वह्यांना वर्षभर हिंगाचा वास. मला माहीत आहे, तपासल्यात मी तसल्या वह्या.

राहिला तुमचा फोन. रात्री आठ-साडेआठला फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, फोन येतो, तेव्हा आधी विचारता, “अभ्यास केला का?” लेकरू म्हणतं “हं”. मग विचारता, “जेवलास का?” पुन्हा “हं”. संपला फोन. त्याऐवजी विचारा, आज सकाळी काय होतं, फोडणी कुणी दिली, आजीनं किती खाल्लं, गोळी घेतली का. पोरगं सांगायला लागतं. एका आईला मी हे सुचवलं तर दुसऱ्या आठवड्यात तिचा नवरा मला म्हणाला, “बाई, आता रिचार्ज पुरंना.” आजीची गोळी लक्षात ठेवायचं कामही आपोआप नातवाकडं गेलं. कधी-कधी तो आजीवर दादागिरीही करतो, दुसरी भाकरी उचलू देत नाही. तिकडं जरा सबुरीनं घ्यायला सांगा.

आमच्या गल्लीत चौथीतला एक मुलगा आहे. त्याचे आई-बाप यंदाही गेलेत, बेळगावच्या बाजूला. भादव्यात वेलाला कोवळी फळं लागली होती तेव्हा त्यानं एका फळावर खिळ्यानं दोन अक्षरं कोरली, ‘आई’. कोवळ्या सालीवर ओरखडा काढला की तो खपली धरतो आणि फळाबरोबर वाढतो. दिवाळीपर्यंत अक्षरं वीतभर झाली, खरबरीत, पांढुरकी, ‘ई’ जरा तिरका. बाकीची काशीफळं आजीनं एकेक करून कापली, मलाही फोड आली. ते एक मात्र खाटेखाली आहे. रोज शाळेला जाताना तो वाकून देठ हलवून बघतो. परवा मी विचारलं, कधी कापायचं रे? म्हणाला, पट्टा पडल्यावर. कारखान्याचा हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात, तो मार्चात पडेल. दही लावायला दूध आजपासूनच सांगून ठेवलंय का, असंही मी विचारलं. तो म्हणाला, बाई, आमची म्हैस तवर व्येती की.